मुद्रणकलेचा उगम आणि बौद्ध दानपरंपरा

मुद्रणकलेचा शोध कोणी लावला, असा प्रश्न सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हमखास आढळतो आणि त्याचे उत्तर ठरलेले असते : जर्मनीतील मेंझ या नगरीचा योहान गुटेनबर्ग. इ.स. १४५५ च्या सुमारास त्याने छापलेले बायबल हा मानवी इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा होय, याविषयी दुमत नाही. तथापि हे उत्तर पाठ करताना त्याच्या मागील सात शतकांचा इतिहास आपल्या दृष्टीआड राहतो. तो इतिहास प्रामुख्याने बौद्ध विहारांत घडला आहे. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

इ.स. ७६४ मध्ये जपानमध्ये मोठे बंड झाले. ते मोडल्यानंतर सम्राज्ञी शोतोकू हिने दहा लक्ष लहान लाकडी स्तूप घडविण्याचा संकल्प केला. प्रत्येक स्तूपात छापील धारणीची एक गुंडाळी ठेवण्यात आली. इ.स. ७७० मध्ये हे कार्य पूर्ण होऊन ते स्तूप दहा विहारांना वाटण्यात आले. एवढ्या मोठ्या संख्येने छपाई झाल्याचे हे जगातील आद्य उदाहरण. मात्र या गुंडाळ्या वाचण्यासाठी नव्हत्या. त्या पुण्यसंचयासाठी होत्या, हेही आपण लक्षात घेतले पाहिजे.

त्यापुढील पाऊल चीनमध्ये पडलेले दिसते. इ.स. १९०० मध्ये तुन-हुआंग येथील लेण्यांतील एक बंद कोठडी उघडली गेली आणि हजारो हस्तलिखिते उजेडात आली. ऑरेल स्टाईन याने १९०७ साली अल्प मोबदल्यात त्यांपैकी बराच संग्रह तेथून नेला. त्यात वज्रच्छेदिका सूत्राची सुमारे पाच मीटर लांबीची एक छापील गुंडाळी होती. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या पुष्पिकेतील दिनांक इ.स. ८६८ च्या ११ मे या दिवसाशी जुळतो. मुद्रणाचा दिनांक नोंदलेले व संपूर्ण स्वरूपात उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने छापील पुस्तक होय. वांग जिये नामक उपासकाने आपल्या माता-पित्यांच्या वतीने, सर्वांना विनामूल्य वाटण्याकरिता ते करविले, असे त्या पुष्पिकेत नमूद आहे. या सूत्राचे चिनी भाषांतर पाचव्या शतकाच्या आरंभी कुमारजीवाने केले होते. त्याचे पिता भारतीय व माता कुचा येथील होती.

या छपाईची रीत साधी होती. पातळ कागदावर मजकूर लिहून तो कागद लाकडी फळीवर पालथा चिकटवीत. अक्षरे उठावात राहतील अशा बेताने भोवतालचे लाकूड कोरून काढीत. मग शाई लावून त्यावर कागद पसरीत व पाठीमागून ब्रश फिरवीत. यंत्राची आवश्यकता नव्हती. आवश्यक होती ती चिकाटी आणि दात्याचे द्रव्य. कोरियात मंगोल आक्रमणात त्रिपिटकाच्या पहिल्या फळ्या जळाल्या, तेव्हा ते सर्व काम पुनश्च आरंभून इ.स. १२५१ मध्ये पूर्ण करण्यात आले. त्या ८१ हजारांहून अधिक फळ्या हेइन्सा विहारात आजही सुरक्षित आहेत.

सुटे खिळे जुळवून छापण्याची कल्पनाही पूर्वेकडचीच. अकराव्या शतकाच्या मध्यास चीनमध्ये बी शंग याने भाजलेल्या मातीचे खिळे केले. पुढे कोरियात धातूचे खिळे आले. इ.स. १३७७ मध्ये चोंगजू येथील हुंगदोक विहारात 'जिकजी' हा ध्यानसंप्रदायाचा ग्रंथ अशा खिळ्यांनी छापला गेला. गुटेनबर्गच्या बायबलाहून तो सुमारे ७८ वर्षांनी जुना आहे. त्याचा उरलेला एकमेव छापील खंड पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्या खंडाच्या अखेरीस छपाईस साहाय्य करणाऱ्या शिष्यांबरोबरच दान देणाऱ्या म्योदोक या भिक्खुणीचेही नाव नोंदलेले आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कोरियाचे तंत्र मेंझला पोहोचले, याचा थेट पुरावा मिळालेला नाही. शिवाय धातूचे खिळे झपाट्याने ओतण्याची रीत, तेलयुक्त शाई आणि दाबयंत्र यांची सांगड घालणे हे गुटेनबर्गचे कर्तृत्व निर्विवाद आहे. मोजक्या अक्षरांची लिपी त्याला अनुकूल ठरली, तर सहस्रावधी चिन्हांच्या चिनी लिपीला कोरीव फळीच सोयीची होती. त्याने योहान फुस्ट याच्याकडून कर्ज घेऊन छापखाना उभारला आणि १४५५ मध्ये त्याच कर्जाच्या दाव्यात तो हरला. युरोपात ग्रंथ विक्रीचा माल झाला, म्हणूनच छपाई अल्पावधीत नगरोनगरी पसरली. दानाच्या बळावर चालणारी छपाई त्या वेगाने पसरू शकली नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

असे असले तरी प्रथम कोणी छापले, या प्रश्नाइतकाच कशासाठी छापले हा प्रश्नही महत्त्वाचा आहे, असे आम्हास वाटते. या परंपरेची पाळेमुळे आपल्या भूमीतही दिसतात. नवव्या शतकातील कान्हेरीच्या शिलाहारकालीन लेखांत भिक्खूंच्या चीवरांबरोबर पुस्तकांसाठीही दान दिल्याची नोंद आहे. वांग जियेची गुंडाळी त्याच शतकातील. कान्हेरीत मात्र ग्रंथ हाताने लिहिले जात राहिले आणि भारतात पहिला छापखाना आला तो थेट १५५६ मध्ये, पोर्तुगीजांच्या गोव्यात. ज्या भूमीतून सूत्रे चीनला गेली, त्या भूमीत ती छापण्याची कला सात शतके आली नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना १४५५ हे वर्ष शिकविताना त्याच्या शेजारी ८६८ आणि १३७७ ही वर्षेही लिहावीत. गुटेनबर्गच्या नावाबरोबर वांग जिये आणि भिक्खुणी म्योदोक यांचीही नावे सांगावीत. त्यांनी खिळे ओतले नाहीत, फळ्याही कोरल्या नसतील. परंतु ग्रंथ इतरांच्या हाती जावा म्हणून त्यांनी द्रव्य दिले, आणि त्यांच्या नावांसह तो ग्रंथ आपणापर्यंत पोहोचला आहे.