बेने इस्रायलींचे सणवार : नव्याच्या सणापासून बिरड्याच्या रोजापर्यंत

यहुदी धर्माचे सण म्हटले की रोश हशाना, योम किप्पूर, पेसाह अशी हिब्रू नावे समोर येतात. पण कोकणातल्या यहुद्यांच्या घरांत हेच सण कित्येक पिढ्या मराठी नावांनी साजरे होत होते. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, अनाशी ढाकायचा सण, बिरड्याचा रोजा ही ती नावे. हा समाज म्हणजे बेने इस्रायल. या शब्दांचा अर्थ ‘इस्रायलची मुले’.

समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे ही कुटुंबे कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडमधल्या गावोगावी पसरली. तेलाचे घाणे चालवू लागली आणि गावांवरून आडनावे घेऊ लागली : किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर. घटना नेमकी कधीची, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण ग्रंथ नसताना, हिब्रू येत नसताना, बाहेरच्या यहुदी जगाशी संपर्क नसताना त्यांच्याकडे काय उरले, हे सणांच्या नावांतून कळते. मूळ हिब्रू नावांत पुष्कळदा एखादी धर्मकथा दडलेली असते. मराठी नावांत मात्र त्या दिवशी घरात काय करायचे किंवा काय रांधायचे, एवढेच आहे. कथा विसरली, कृती टिकली.

शनिवार : सगळ्यात मोठा सण

यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. त्यामुळे शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळी लागतो आणि शनिवारी रात्री तारे दिसल्यावर सुटतो. या काळात काम करायचे नाही, विस्तव पेटवायचा नाही. बेने इस्रायली घाणे शनिवारी बंद असत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते ‘सोमवार तेली’. शेजाऱ्यांच्या लेखी ही जातीची खूण होती, पण समाजाची धर्माशी असलेली गाठ मुख्यतः याच सुट्टीने बांधून ठेवली.

शब्बाथच्या आशीर्वादाला द्राक्षाची दारू लागते. कोकणात ती कुठून मिळणार? म्हणून काळ्या मनुका भिजवून, कुस्करून त्यांचे सरबत करण्याची पद्धत पडली. ती अजून चालू आहे.

पंचांग : ओळखीचा हिशेब

यहुदी महिना चांद्र असतो आणि वर्ष ऋतूंशी जुळवून घेतले जाते. त्यासाठी १९ वर्षांत ७ वेळा जादा महिना धरतात. मराठी पंचांगातला अधिक मास याच कारणासाठी येतो. फरक इतकाच, की आपला अधिक मास वेगवेगळ्या महिन्यांत पडतो, तर यहुद्यांचा जादा महिना नेहमी अदार, म्हणजे साधारण फाल्गुन असतो.

त्यामुळे दोन्ही पंचांगांतल्या तिथी बहुतेक वर्षी शेजारी-शेजारी येतात. २०२४ साली रोश हशाना आणि घटस्थापना दोन्ही ३ ऑक्टोबरला होत्या, तर योम किप्पूर आणि दसरा १२ ऑक्टोबरला. २०२३ साली मात्र अधिक श्रावण आल्याने घटस्थापना १५ ऑक्टोबरला गेली, आणि रोश हशाना १६ सप्टेंबरलाच होऊन गेला होता. छापील हिब्रू पंचांग जवळ नसले, तरी चंद्रावर आणि शेजारच्या सणांवर नजर ठेवून तिथी सांभाळता येई.

नव्याचा सण आणि खिरीचा सण

तिश्री महिन्याची पहिली तिथी म्हणजे यहुदी नववर्ष, रोश हशाना. बेने इस्रायली घरांत तो नव्याचा सण. पूर्वी तो एकच दिवस पाळत, आता इतर यहुद्यांप्रमाणे दोन दिवस पाळतात. सिनेगॉगमध्ये मेंढ्याच्या शिंगाचे शोफार फुंकतात. घरी गव्हाच्या चिकाचा हलवा होतो, तोही नारळाच्या दुधात. यहुदी आहारनियमांत मांसाबरोबर दूधदुभते चालत नाही. नारळाच्या दुधाला ती आडकाठी नाही. म्हणून सणाच्या जेवणात मटण असले तरी गोड पदार्थ निर्धास्त करता येतो. कोकणच्या नारळाने हा प्रश्न सोडवला.

त्याच महिन्यात खिरीचा सण येई. नव्या धान्याची, नारळाच्या रसातली गोड खीर करून, धूप जाळून ‘शेमा’ म्हणत. देव एकच आहे, असे सांगणारी ही हिब्रू प्रार्थना. समाजाच्या पाठांतरात प्रार्थना म्हणून मुख्यतः तीच उरली होती. जन्म, लग्न, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी तीच म्हटली जाई. खिरीच्या सणाचे नाते अनेक जण सुक्कोथशी, म्हणजे मांडव घालून साजऱ्या होणाऱ्या सुगीच्या सणाशी जोडतात.

दारफाळणीचा सण आणि शिळा सण

तिश्रीच्या दहाव्या तिथीला योम किप्पूर, वर्षातला सर्वांत कडक उपास. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत अन्न नाही, पाणीही नाही. वर्षभराच्या चुकांबद्दल देवाची क्षमा मागायची. दारफाळणी म्हणजे दार लावून घेणे. पांढरे कपडे घालून, दारे बंद करून माणसे घरात बसत आणि बाहेरच्यांशी संबंध येऊ देत नसत. आदल्या संध्याकाळी पूर्वजांचे आत्मे घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी परत जातात, अशी समजूत होती. आजूबाजूच्या घरांत पितृपक्ष नुकताच संपलेला असे, हे इथे लक्षात घेण्याजोगे आहे.

उपासानंतरचा दिवस शिळा सण. त्या दिवशी गरिबांना दानधर्म आणि नातेवाइकांकडे जाणे-येणे होई.

माघाची पौर्णिमा : मलिदा आणि एलियाहू

शेवाट महिन्याची १५ तारीख हा जगभरच्या यहुद्यांचा झाडांचा दिवस. कोकणात तो एलियाहू हनाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाहूचा झाला. एलियाहू अग्निरथातून स्वर्गात जाताना अलिबागजवळच्या खंडाळा गावी खडकावर उतरला आणि रथाच्या चाकांच्या खुणा तिथे राहिल्या, अशी श्रद्धा आहे. लोक तिथे जाऊन नवस बोलतात, फेडतात.

या दिवशीचा नैवेद्यासारखा पदार्थ म्हणजे मलिदा. भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे, सुकामेवा आणि सोबत फळे. एलियाहूचे नाव घेऊन, आशीर्वाद म्हणून तो वाटतात. लग्न, नवे घर, फेडलेला नवस अशा कोणत्याही शुभप्रसंगी मलिदा होतो. जगातल्या दुसऱ्या यहुदी समाजांत हा विधी या रूपात नाही.

होळीचा सण आणि अनाशी ढाकायचा सण

अदारच्या चौदाव्या तिथीचा पुरीम म्हणजे होळीचा सण. इराणच्या दरबारात एस्तेर राणीने यहुद्यांचा संहार टाळला, त्याची ही आठवण. फराळाची देवाणघेवाण आणि दानधर्म हा त्याचा गाभा. तिथी होळी पौर्णिमेला लागून येते, म्हणून हे नाव पडले. होळी पेटवण्याशी त्याचा संबंध नाही.

पुढच्या पौर्णिमेला पेसाह. मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटका झाली, तेव्हा पीठ फुगायला वेळ नव्हता, म्हणून या दिवसांत आंबवलेले काही खायचे नाही. ‘अनास’ म्हणजे मातीच्या भांड्यात ठेवलेले आंबट पाणी. त्या भांड्याचे तोंड या दिवसांपुरते बंद करायचे, म्हणून अनाशी ढाकायचा सण. मिसरची कथा विस्मरणात गेली, तरी आंबवणाचे भांडे झाकायचे हे घरातल्या बायकांनी सोडले नाही. युरोपातले अनेक यहुदी पेसाहमध्ये तांदूळ वर्ज्य मानतात. बेने इस्रायली घरांत तो चालतो.

बिरड्याचा रोजा

आव महिन्याच्या नवव्या तिथीला, म्हणजे साधारण श्रावणात, जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास असतो. तो सोडताना मोड आलेल्या वालांचे बिरडे खात, म्हणून हे नाव. ‘रोजा’ हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आला. पुढच्या एलुल महिन्यातल्या उपासांना तर ‘रमजान’च म्हणत. या जुन्या यादीत हनुक्का नाही. तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या घटनेचा सण आहे. पूर्वज त्याआधीच निघाले असावेत, असे मानणारे याचाच दाखला देतात.

पुस्तके आली, नावे बदलली

कोचीनच्या दाविद राहाबी यांनी या लोकांना यहुदी म्हणून ओळखले, असे समाजात सांगतात. खवले असलेले आणि नसलेले मासे त्यांनी बायकांपुढे ठेवले. बायकांनी बिनखवल्यांचे बाजूला काढले. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. समाजात सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत. पेसाहच्या रात्री वाचायचा हगादा १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह निघाला. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हगाद्यात चित्रेही होती. हळूहळू मराठी नावे मागे पडून हिब्रू नावे रुळली. जुन्या नावांची सविस्तर नोंद आज मिळते ती मुख्यतः हाइम सॅम्युएल किहीमकर यांच्या इतिहासग्रंथामुळे. तो त्यांनी १८९७ साली लिहिला, पण छापला गेला १९३७ साली.

ग्रंथांशिवाय टिकवलेल्या या धर्माची किंमत पुढे वेगळ्या तऱ्हेने मोजावी लागली. १९४८ नंतर समाजातले बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या लग्नाआधी त्यांची वंशावळ तपासण्याचे फर्मान काढले. त्याविरुद्ध समाजाने आंदोलन केले आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले.

आज भारतात हा समाज काही हजारांवर आला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागच्या इस्राएल आळीतले, पुण्याच्या रास्ता पेठेतले आणि मुंबईतले सिनेगॉग सणांना उघडतात. इस्रायलमध्ये गेलेल्यांनी मलिदा सोबत नेला. खंडाळ्याच्या खडकाऐवजी तिथे हैफाजवळची एलियाहूची गुहा आहे, पण ताटात पोहे-खोबरे तेच असते.