उपजीव्य संहितेतील रिकाम्या जागा : ॲनिमेवरील चाहत्यांच्या कथालेखनाचा एक इतिहास

संस्कृत साहित्यविचारात रामायण-महाभारतांना उपजीव्य काव्ये म्हटले जाते. ज्यांच्या आधारे इतर काव्ये जगतात ती उपजीव्य. या संज्ञेत आश्रित काव्याविषयी तुच्छता नाही. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात दोन काव्यांतील साम्याचे प्रतिबिंबवत्, आलेख्यवत् आणि तुल्यदेहिवत् असे तीन प्रकार मानले आणि पहिले दोन त्याज्य ठरवून तिसऱ्याला मान्यता दिली. दोन माणसे दिसायला सारखी असली तरी त्यांचे आत्मे वेगळे असतात, ही त्यामागील भूमिका होय. मुद्रणसंस्कृती आणि प्रताधिकाराच्या कल्पना रुजल्यानंतर मात्र ‘स्वतंत्र’ निर्मिती हेच मूल्य ठरले आणि आश्रित लेखन अनुकरणाच्या खात्यात जमा झाले. चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका वा चित्रकथा यांच्या चाहत्यांनी त्याच पात्रांवर रचलेल्या कथा दीर्घकाळ समीक्षेच्या परिघाबाहेर राहिल्या, त्याचे एक कारण हे आहे.

हेन्री जेन्किन्स यांच्या १९९२ मधील ‘टेक्स्च्युअल पोचर्स’ या ग्रंथाने हे चित्र बदलले. मिशेल द सर्तो यांची कल्पना पुढे नेत त्यांनी चाहत्याला दुसऱ्याच्या रानात शिरून हवे ते उचलणाऱ्या शिकाऱ्याच्या रूपात पाहिले. या मांडणीमुळे वाचकाची क्रियाशीलता अधोरेखित झाली. पण रान कसे आहे, त्यात काय उगवते आणि कुंपण कोठे मोडके आहे, हा प्रश्न काहीसा मागे पडला. जपानी ॲनिमे आणि मांगा यांवरील चाहत्यांच्या लेखनाचा इतिहास पाहिला, तर कोणत्या प्रकारच्या कथा लिहिल्या जातात हे वाचकाच्या इच्छेइतकेच मूळ संहितेच्या घडणीवरही, विशेषतः तिने काय सांगायचे सोडले यावरही, अवलंबून असल्याचे दिसते.

या इतिहासाचा एक निश्चित आरंभबिंदू म्हणून २१ डिसेंबर १९७५ या दिवसाकडे पाहता येते. त्या दिवशी टोकियोत ‘कॉमिक मार्केट’चा पहिला मेळावा भरला. त्यात ३२ गट सहभागी झाले आणि सुमारे ७०० जण आले. त्यांत शाळकरी मुलींचा भरणा मोठा होता. हौशी गटांनी स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांना, म्हणजे दोजिन्शींना, येथे बाजारपेठ मिळाली. पुढील दशकात दोन मालिकांनी या पुस्तिकांना अगदी भिन्न वळणे दिली. १९७९ मध्ये सुरू झालेल्या ‘मोबाइल सूट गंडाम’ने युद्धाचा कालक्रम, सैन्यांची रचना आणि यंत्रांचे तपशील पुरवले, पण ते सारे तुटक तुकड्यांत. साहजिकच तिच्या चाहत्यांचा ओढा तुकडे जुळवण्याकडे, म्हणजे इतिहासलेखन आणि तांत्रिक टिपणे यांकडे होता. ही संहिता वाचकाला बखरकार बनवत होती.

‘कॅप्टन त्सुबासा’ची गोष्ट वेगळी आहे. योइची ताकाहाशी यांची ही मांगा १९८१ ते १९८८ या काळात ‘शोनेन जंप’ या मुलग्यांसाठीच्या साप्ताहिकात आली आणि १९८३ पासून तिचे ॲनिमे दाखवले गेले. विषय शालेय फुटबॉलचा. यात मुलांची फौज मोठी आहे, आणि प्रत्येकाला एखाददुसऱ्या रेषेत पार्श्वभूमी मिळालेली आहे. ह्यूगा कोजिरो हा वडील गमावलेला, गरिबीत वाढलेला आघाडीचा खेळाडू आहे. त्याच्याच संघाचा गोलरक्षक वाकाशिमाझू केन कराटेच्या घराण्यातला आहे. एवढे सांगून कथा पुन्हा मैदानावर परतते. ईर्ष्या, निष्ठा, पश्चात्ताप या साऱ्या भावना चेंडूच्या द्वाराच व्यक्त होतात. त्यांना शब्द नाहीत, घर नाही, रात्र नाही. मुलींच्या वाट्याला प्रामुख्याने मैदानाबाहेरून उत्तेजन देण्याची भूमिका येते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तरुण स्त्रियांनी याच मालिकेवर दोजिन्शींचा पूर आणला, आणि त्यांतील बहुतेक कथा दोन मुलग्यांमधील प्रेमाच्या होत्या.

या प्रकाराला ‘याओइ’ हे नाव १९७० च्या दशकाच्या अखेरीस मिळाले होते. उत्कर्ष नाही, शेवट नाही, अर्थ नाही, अशा तीन जपानी शब्दप्रयोगांच्या आद्याक्षरांतून ते स्वतःची थट्टा करण्यासाठी बनवले गेले. पण ही थट्टा म्हणजे एक अचूक रूपवर्णनही आहे. उत्कर्ष आणि शेवट मूळ मालिकेत आधीच उपलब्ध असल्याने या कथांना ते पुन्हा रचण्याची गरज नव्हती. दोन सामन्यांमधला अवकाश हाच त्यांचा विषय होता. तो भरण्याची साधने मात्र ‘कॅप्टन त्सुबासा’तून आलेली नाहीत. हागिओ मोतो आणि ताकेमिया केइको यांनी १९७० च्या दशकात मुलींच्या मांगामध्ये मुलग्यांमधील प्रेमाच्या कथा आणि अंतर्मनाच्या चित्रणाची एक भाषा घडवली होती. मुलग्यांच्या मासिकाने मौन पुरवले आणि मुलींच्या मासिकाने ते बोलके करण्याची रीत दिली. या परंपरेतूनच आलेल्या ओझाकी मिनामी यांनी ‘कॅप्टन त्सुबासा’वरील दोजिन्शींनंतर १९८९ मध्ये ‘झेत्सुआइ’ ही स्वतःची मांगा सुरू केली. तिचा एक नायक फुटबॉलपटूच आहे. उपजीवी कथा उपजीव्य होण्याचा हा प्रवास आनंदवर्धनाच्या तिसऱ्या प्रकाराचे चांगले उदाहरण ठरावा.

मौनासारखीच दुसरी जागा असते ती न येणाऱ्या शेवटाची. रुमिको ताकाहाशी यांच्या ‘रानमा १/२’ (१९८७-१९९६) या मांगाचा नायक शापित झऱ्यात पडल्याने थंड पाण्याने मुलगी होतो आणि गरम पाण्याने पुन्हा मुलगा. वडीलधाऱ्यांनी ठरवलेले त्याचे आकानेशी लग्न, आणि त्याच्यावर हक्क सांगणाऱ्या इतर मुली, यांचा गुंता ३८ खंडांनंतरही सुटत नाही. अखेरच्या प्रकरणातले लग्नही उधळले जाते. विनोदी चक्राकार कथेला निर्णय परवडत नाही. १९९० च्या दशकात इंग्रजीत लिहिणाऱ्या चाहत्यांना ही मालिका विशेष प्रिय झाली आणि तिच्यावर दोन प्रकारच्या कथा पुढे आल्या. पहिल्या प्रकारात निर्णय घडवून आणला जातो : रानमा कोणाची निवड करतो, शाप कायमचा राहिला तर काय होते. दुसरा प्रकार म्हणजे दोन मालिकांचा संकर. झऱ्याचे पाणी ही कोठेही नेता येण्याजोगी युक्ती आहे. ते शिंपडताच कोणत्याही कथेत रानमाचे नियम लागू होतात. शिवाय रानमाचे नेरिमा आणि ‘सेलर मून’चे अझाबू-जूबान हे टोकियोचेच भाग असल्याने या दोन मालिकांची सांगड घालणे सोपे गेले.

शेवटाच्या अभावाचे अधिक गंभीर उदाहरण ‘दोराएमोन’चे आहे. १९७० च्या जानेवारी अंकांपासून चालत आलेल्या या मांगाचे कर्ते फुजिको एफ. फुजिओ १९९६ मध्ये निवर्तले आणि मालिका समाप्तीविना राहिली. २००५ मध्ये एका हौशी चित्रकाराने तिचा ‘अखेरचा भाग’ दोजिन्शीच्या रूपात काढला. दोराएमोनची विद्युतशक्ती संपते. नोबिता मोठा होऊन यंत्रमानव-तज्ज्ञ बनतो आणि मित्राला पुन्हा जागा करतो. पुस्तिकेच्या हजारो प्रती खपल्या. चित्रशैली इतकी हुबेहूब होती की अनेकांना हा भाग अस्सल वाटला. २००७ मध्ये प्रकाशनसंस्थेने आक्षेप घेतला, आणि चित्रकाराने क्षमा मागून उत्पन्नाचा काही भाग दिला. एरवी दोजिन्शींकडे सहसा काणाडोळा करणाऱ्या व्यवस्थेला प्रतिबिंबवत् साम्यच खटकले, ही बाब सूचक आहे.

‘निऑन जेनेसिस इव्हँगेलिऑन’ या हिदेआकी आन्नो दिग्दर्शित मालिकेत शेवट आहे, पण तो प्रेक्षकाच्या अपेक्षेबाहेरचा आहे. मार्च १९९६ मध्ये दाखवलेले तिचे शेवटचे दोन भाग युद्धकथा बाजूला ठेवून शिंजी या नायकाच्या मनात घडतात. जुलै १९९७ च्या चित्रपटाने बाह्य घटनांचा दुसरा शेवट दिला, आणि तो विनाशाचा होता. चाहत्यांनी विनाशानंतरच्या जगाच्या कथा लिहिल्या, शिंजीला भूतकाळात पाठवून चुका दुरुस्त करवल्या, आणि याच पात्रांना साध्या शाळकरी जीवनात ठेवले. यातला शेवटचा प्रकार चाहत्यांची पळवाट वाटतो, परंतु त्याचे बीज मालिकेतच आहे : अखेरच्या भागात शिंजीला क्षणभर असे एक हसतेखेळते शालेय जग दिसते. निर्मात्या संस्थेनेही पुढे याच धर्तीवर संगणकीय खेळ काढले.

याच मालिकेच्या आधारे हिरोकी अझुमा यांनी २००१ मध्ये एक वेगळा सिद्धांत मांडला. एइजी ओत्सुका यांनी १९८९ मध्ये म्हटले होते की वाचक सुट्या कथांच्या आडून त्यांमागचे समग्र विश्व उपभोगत असतो. काबुकी नाट्यातील ‘सेकाइ’ (ठरलेले विश्व) आणि ‘शुको’ (त्यावरील नवी युक्ती) या जोडीची आठवण त्यांनी करून दिली होती. अझुमांच्या मते १९९० च्या दशकात हे विश्वही उरले नाही. उरला तो पात्रांच्या सुट्या लकबी, वेश, स्वभावखुणा यांचा संचय. तसे असेल तर मूळ कथेची घडण गौण ठरते. पण एकाच काळातील ‘रानमा’ आणि ‘इव्हँगेलिऑन’ यांवरील कथा शेजारी ठेवल्या तर त्यांचे भिन्न कल लपत नाहीत. पहिलीवरच्या कथांना निर्णय हवा असतो, दुसरीवरच्यांना परिहार. सुटे घटक उचलले तरी त्यांना मूळ कथेची जखम चिकटून येते.

‘मूळ’ हे एकच असते, हे गृहीतकही तपासले पाहिजे. ‘सेलर मून’ उत्तर अमेरिकेत १९९५ मध्ये इंग्रजीत आली तेव्हा उसागीची सेरेना झाली, आणि पहिल्या पर्वाचे शेवटचे दोन भाग एकत्र करून नायिकांचे मृत्यू वगळले गेले. पुढील पर्वांच्या २००० मधील इंग्रजी आवृत्तीत हारुका आणि मिचिरू या प्रेयसींना चुलत बहिणी केले गेले. मृत्यू पाहिलेला लेखक आणि न पाहिलेला लेखक एकाच मालिकेवर लिहीत असले तरी त्यांची उपजीव्य संहिता एक नव्हती. कथेत उसागी आहे की सेरेना, एवढ्यावरून ती कोणत्या पाठावर उभी आहे हे बहुधा ओळखता येते. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित नाही.

अर्थात रिकामी जागा स्वतःहून कथा लिहवून घेत नाही. ‘कॅप्टन त्सुबासा’तील मौन मुलगे वाचकांसमोरही होते, ते मौन म्हणून जाणवले ते आपल्या इच्छांना त्या कथेत स्थान नसलेल्या मुलींना. उपजीव्य संहिता शक्यतांच्या सीमा आखते आणि वाचक आपल्या इतिहासासह त्यांत प्रवेश करतो. या दोन्हींपैकी एकावर सारा भार टाकला की एक तर वाचक केवळ ग्राहक ठरतो, नाही तर संहिता केवळ निमित्त. चाहत्यांच्या कथांकडे अनुकरण म्हणून पाहणारी समीक्षा मूळ संहितेविषयीचा एक पुरावाही गमावते. संहितेने काय लपवले, काय टाळले आणि कोणाला बाहेर ठेवले, हे त्यांनी आधी वाचलेले असते.