पटावरच्या मुली आणि पाहणाऱ्यांचे डोळे

२८ जुलै २०२५. नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. घोड्याची अडीच घरेही ज्यांना ठाऊक नाहीत, अशांच्या स्टेटसवरही त्या रात्री आमच्या राजापेठेत तीच झळकत होती.

या लोकप्रियतेची दुसरी बाजू तिनेच दीड वर्ष आधी उघड केली होती. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधील विक आन झी येथील स्पर्धेनंतर तिने इन्स्टाग्रामवर लिहिले, की प्रेक्षक आपले डाव सोडून कपडे, केस आणि उच्चार यांचीच चर्चा करतात.

हे मात्र इन्स्टाग्रामचे अपत्य नव्हे. १९७६ साली मुंबईची रोहिणी खाडिलकर वयाच्या १३व्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा गदारोळ उठला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे (स्वतः माजी विश्वविजेते!) यांना निर्णय द्यावा लागला, की स्त्रियांना अशा स्पर्धांतून रोखता येणार नाही. वासंती, जयश्री, रोहिणी या तिन्ही बहिणी राष्ट्रीय विजेत्या. वडील नीळकंठ खाडिलकर ‘नवाकाळ’चे संपादक. प्रसिद्धीचे साधन घरातच होते, तरी पटापुढची खुर्ची भांडूनच मिळवावी लागली.

तेव्हा वाद होता, हिला बसू द्यावे का? आता वाद, बसलेली दिसते कशी? मला दुसरा अधिक चिवट वाटतो. त्याविरुद्ध दाद मागायची कोणाकडे?

बाटुमीचा निर्णायक जलद डाव दिव्या काळ्या मोहऱ्यांनी जिंकली. सवड काढून तो एकदा पटावर मांडून पाहा.