उतरत्या शुगरची कुळकथा

मधुमेहाच्या रुग्णाची किडनी निकामी होत गेली की अनेकदा त्याची शुगर आपोआप उतरू लागते. इन्सुलिनचा डोस कमी करावा लागतो, क्वचित बंदही. घरच्यांना वाटते, आजार आटोक्यात आला. प्रत्यक्षात तो पुढच्या टप्प्यावर गेलेला असतो.

मधुमेहींच्या मूत्रपिंडातल्या गाठींचे वर्णन 1936 मध्ये किमेलस्टील आणि विल्सन यांनी केले. अशा रुग्णांचा मधुमेह सौम्य होत जातो, हे झुब्रॉड आणि सहकाऱ्यांनी 1951 मध्ये नोंदवले. कारण मात्र कळेना, कारण रक्तातले इन्सुलिन नेमके मोजण्याची सोय नव्हती. ती बर्सन आणि यॅलो यांच्या चाचणीने 1960 च्या सुमारास झाली, आणि कोडे सुटू लागले. इन्सुलिनचा रेणू लहान असल्याने तो मूत्रपिंडात गाळला जातो आणि तिथल्या नलिकांच्या पेशी त्याचे विघटन करतात. स्वादुपिंडातून निघालेले इन्सुलिन आधी यकृतातून जाते व तिथेच बरेचसे खर्ची पडते. टोचलेल्या इन्सुलिनला ही वाट नाही, म्हणून त्याच्या निचऱ्याचा मोठा भार किडनीवर पडतो. किडनी थकली की तेच इन्सुलिन रक्तात अधिक वेळ राहते. शिवाय उपाशीपोटी किडनी स्वतः ग्लुकोज तयार करते. तोही आधार आटतो, आणि भूक मेल्यामुळे जेवणही घटलेले असते.

गंमत नव्हे, खरा पेच असा की किडनीच्या याच आजारात उलटेही घडते. मधुमेह नसलेल्या रुग्णातही ग्लुकोज दिल्यावर शुगर चढलेली राहते. डीफ्रॉन्झो यांच्या गटाने 1981 मध्ये दाखवले की दोष मुख्यतः स्नायूंत असतो: इन्सुलिन असूनही ते ग्लुकोज पुरेसे उचलत नाहीत. डायलिसिस सुरू झाल्यावर इन्सुलिनला होणारा हा विरोध बराच ओसरतो.

धोका मोठा आहे तो शुगर उतरण्याचा. ग्लिबेनक्लामाइडसारख्या जुन्या, स्वस्त गोळीचे अंश अशा शरीरात साचतात, आणि एकदा उतरलेली शुगर वर आणली तरी काही तासांनी पुन्हा उतरते. बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातल्या तेलगावसारख्या साखर कारखान्याच्या गावात घाम, थरथर, बरळणे दिसताच शुद्धीवर असलेल्या माणसाला साखरपाणी पाजता येते, पण बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये. शुद्ध परत आली तरी त्याला रुग्णालयात न्यावेच लागते. या जिल्ह्यातले एक मोठे सरकारी रुग्णालय अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे आहे.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणीही इथे फसवते. किडनीच्या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, रक्त वाढवणाऱ्या इंजेक्शनांनी नव्या पेशी येतात, आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून डोस ठरवताना बोटातून घेतलेल्या रक्ताच्या रोजच्या नोंदीही पाहाव्या लागतात.