फुग्याचा भरवसा

द्रवरूप हायड्रोजन हे गिऱ्हाईक भलतेच लहरी. उणे २५३ अंशांवर ते उकळू लागते, म्हणजे त्याच्या लेखी बर्फसुद्धा विस्तव! हलके इतके, की लिटरभर घेतले तर जेमतेम सत्तर ग्रॅम भरते. पण जोर मात्र किलोमागे केरोसीनपेक्षा सुमारे तिसरा हिस्सा जास्त. आम्हां कॉमर्सवाल्यांच्या भाषेत, व्याज घसघशीत, पण ठेव सांभाळताना नाकी नऊ.

हे गिऱ्हाईक १९५८ साली अमेरिकेत पत्करले ते जर्मनीतून आलेल्या क्राफ्ट एरिके या इंजिनियरने. जनरल डायनॅमिक्स कंपनीत त्याने अ‍ॅटलास रॉकेटच्या डोक्यावर बसवायचा 'सेंटॉर' नावाचा मजला आखला. वरच्या मजल्याचा जमाखर्च कडक असतो. टाकी किलोभर वाढली, की यान किलोभर घटलेच. म्हणून टाकीचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. आत सांगाडा नाही, काही नाही. आतल्या दाबावर ती फुग्यासारखी ताठ. दाब गेला की पापड!

फॉन ब्राऊनच्या मंडळींना हे पटेना. ते पडले पुलासारखी भक्कम रॉकेटे बांधणारे. असे सांगतात, की अ‍ॅटलासचा जनक कारेल बोसार्ट याने त्यांच्यातल्या एकाच्या हाती घण दिला आणि म्हटले, हाणा टाकीवर. घण उसळून परत आला. टाकीला ओरखडा नाही.

शिवाय वजन वाचवायला हायड्रोजन आणि प्राणवायू यांच्यामध्ये सामाईक भिंत. चाळीत राहिलेल्यांना अधिक सांगायला नको. प्राणवायू उणे १८३ अंशांचा, म्हणजे शेजाऱ्याहून सत्तर अंशांनी 'गरम'. त्याच्या उबेने हायड्रोजन उडून जाऊ नये म्हणून ती भिंत दुहेरी केली.

८ मे १९६२ रोजी पहिले उड्डाण झाले. चौपन्नाव्या सेकंदाच्या सुमारास बाहेरचे आवरण फाटून टाकी फुटली. फॉन ब्राऊनने सल्ला दिला, बंद करा. पण नासाने हे बुडीत खाते क्लीव्हलँडला एब सिल्व्हरस्टीनकडे वर्ग केले. या गृहस्थानेच १९५९ साली फॉन ब्राऊनला सॅटर्नच्या वरच्या मजल्यांसाठी हायड्रोजन गळी उतरवला होता. तेव्हा सेंटॉर बुडता, तर चंद्रावर जाण्याच्या बेतालाच घोर लागता.

२७ नोव्हेंबर १९६३ रोजी सेंटॉर कक्षेत पोचला. १९६६ साली त्याने धाडलेले सर्व्हेयर चंद्रावर अलगद उतरले. १९६९ साली हायड्रोजनवरच्या सॅटर्नने माणसे नेली. १९७७ साली दोन्ही व्हॉयेजर सेंटॉरनेच वाटेला लावली. ती अजून चालतच आहेत.

आणि एवढ्या पातळ पत्र्याचा डबा बोहारणीने दोन जुन्या साड्यांवर देऊ केला असता, तर आमच्या घरात कोणी दारात उभे केले नसते!