मानाचे वस्त्र : कोपरगाव, येवले आणि पैठणी

गोदावरीच्या काठी कोपरगावास बेट नावाचा जो भाग आहे, तेथे शुक्राचार्यांचे देवालय आहे. शुक्राचार्यांचा आश्रम याच ठिकाणी होता, अशी तेथील लोकांची परंपरागत श्रद्धा. महाभारताच्या आदिपर्वात या शुक्राचार्यांची कन्या देवयानी आणि दैत्यराज वृषपर्व्याची कन्या शर्मिष्ठा यांच्या कलहाची कथा आली आहे. मुली जलक्रीडेत दंग असता वाऱ्याने काठावरची वस्त्रे एकत्र झाली आणि शर्मिष्ठेने नकळत देवयानीचे वस्त्र उचलून नेसले. शब्दाने शब्द वाढला, एकीने गुरुकुलाचा अभिमान सांगितला, दुसरीने राजकुलाचा. देवयानी कोरड्या विहिरीत लोटली गेली आणि अखेर राजकन्येला तिची दासी व्हावे लागले. हे भांडण वस्त्राच्या देखणेपणावरून झाले नव्हते. कोणते वस्त्र कोणाच्या अंगावर शोभते, हा मानाचा प्रश्न होता. समारंभाच्या पोशाखाची निवड आपल्या समाजात इतकी जिव्हाळ्याची का, याचे उत्तर या प्राचीन कथेतच सापडते.

पुराणातून इतिहासात यावे, तरी कोपरगाव सोडण्याचे कारण नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला आणि त्याच वर्षी त्यांचे चुलते रघुनाथराव यांस पेशवाईची वस्त्रे मिळाली. ही वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडून येत. ती अंगावर आल्यावाचून पेशवेपद सिद्ध होत नसे. परंतु १८ एप्रिल १७७४ रोजी नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांस पुत्र झाला. बारभाईंनी त्या काही आठवड्यांच्या सवाई माधवरावांच्या नावे वस्त्रे आणविली आणि रघुनाथरावांच्या अंगावरच्या पोशाखास केवळ कापडाची किंमत उरली. पुढे १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांस दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक ठरली. ते कोपरगावास येऊन राहिले आणि डिसेंबर १७८३ मध्ये निवर्तले. राघोबादादांचा वाडा तेथे आजही दाखविला जातो. जरतारी पोशाख मनुष्याला मान देतो हे खरे, पण त्यामागे समाजाची संमती नसेल, तर सोन्याची जरही फिकी पडते, हा धडा त्या वाड्यापासून घेता येतो.

दरबारची ही रीत गृहस्थांच्या घरी आहेर आणि मानपान या रूपाने उतरली. लग्नकार्यात कोणाला शालू, कोणाला लुगडे, कोणाला नुसता खण, याची यादी घरातील वडीलधारी स्त्री विचारपूर्वक करी, कारण त्या यादीत एखादी चूक झाली, तर तिचा सल पुढे कित्येक वर्षे राही. वधूच्या वस्त्राविषयी तर परंपरेने पुष्कळसे आधीच ठरविलेले असे. लग्न लागताना पिवळी अष्टपुत्री, पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा, डोहाळेजेवणाला हिरवे लुगडे. म्हणजे प्रसंग आधी, रंग त्यामागून आणि किंमत शेवटी, असा निवडीचा क्रम होता. हा क्रम उलटला म्हणजे पोशाख भारी दिसतो, पण शोभत नाही.

या सर्व वस्त्रांत महाराष्ट्राने मुकुटमणी मानला तो पैठणीला. कोपरगावाजवळून वाहत जाणारी गोदावरी पुढे ज्या पैठणास भेटते, ते सातवाहनांचे प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथून भडोच बंदराकडे जाणाऱ्या मालाची नोंद आहे. तिच्यात पैठणच्या नावावर मौल्यवान खडे आहेत आणि कापड आहे ते तगरच्या नावावर. पैठणीच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून ती नोंद पुढे करताना एवढा विवेक राखला पाहिजे. पेशवाईच्या काळी मात्र पैठणच्या आसावली वेलबुट्टीच्या दुपट्ट्यांना पुण्याहून मागणी जात असे. कोपरगावाहून बैलगाडीने दिवसभराच्या वाटेवर असलेल्या येवल्यासही ही कला रुजली. रघोजी नाईकांचे नाव त्या गावच्या वसाहतीशी जोडलेले आहे. खत्री, कोष्टी, साळी अशा कुशल कारागिरांच्या हातांनी त्या गावाचा लौकिक वाढला. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि येवले व कोपरगाव ही दोन्ही गावे त्यावर आली. मुंबईहून रेशीम येई, येवल्याहून पीतांबर व पैठण्या जात. ते रेशीम पुष्कळदा चीन देशाचे असे. आपले म्हणून जे वस्त्र आपण अभिमानाने नेसतो, त्याचा धागा किती दूरवरून आलेला असतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पैठणीचे खरे वैभव तिच्या पदरात. मोर, पोपट, कमळ, कुयरी यांतील प्रत्येक रंगासाठी विणकर निराळी तिल्ली वापरतो आणि ताण्याचे धागे मोजून एका रंगाचा बाणा दुसऱ्यात अडकवितो. म्हणून नक्षी उलटसुलट दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला, की अंगात धूपछाव खेळते. पूर्वी जरीच्या वजनावरून पैठणीची प्रतवारी माशांनी सांगत. बारा माशांचा एक तोळा. साधी पैठणी काही आठवड्यांत उतरते, भरगच्च पदराची असेल तर महिनेच्या महिने मागावर राहते. अशा वस्त्राचे नेसणेही बेताचेच हवे. अंग साधे आणि पदर भरलेला ही विणकराची योजना असते. तिच्यावर दागिन्यांची गर्दी केली, की पदर मुका होतो. खणाची चोळी, नथ आणि एखादी ठुशी एवढ्यावर जुन्या स्त्रिया थांबत, त्यामागे हीच जाण होती.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि दरबारचा आश्रय तुटला. त्यानंतर गिरण्यांचे स्वस्त कापड आले. घरात अडचण आली, की पेटीतली पैठणी बाहेर निघे आणि जर जाळून तीतील चांदी विकली जाई. आजीच्या लग्नातला मोर मुशीत वितळून गेला आणि त्या पैशांत नातवाची फी भरली गेली, असे किती घरांत घडले असेल! त्या गृहिणींना दोष कोणी द्यावा? वस्त्र हे तिच्या मालकीचे थोडेसे धन होते आणि ते कामी आले. पुढे १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली आणि गांधीयुगात कित्येक वधू खादी नेसून बोहल्यावर उभ्या राहिल्या. त्यांचा डौल जरतारीवाचून उणा पडला नाही, कारण त्या वस्त्रामागे एक निश्चय होता.

तरीही पैठणी टिकली. राजे गेले, पण मध्यम स्थितीतील कुटुंबे तिची आश्रयदाती झाली. २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. येवल्यात आजही माग चालतात, आणि त्याच बाजारात यंत्रमागावरची नक्कलही स्वस्तात मिळते. पारख करणाऱ्याने पदर उलटा करून पाहावा. मागील बाजूस सुटे धागे लोंबत असतील, तर ती हाताने गुंफलेली नक्षी नव्हे. नक्कल घेणे हे पाप नाही. ज्याची जेवढी ऐपत, तेवढाच खर्च त्याने करावा, कर्ज काढून मिरविण्यात शोभा नाही. परंतु हातमागाची म्हणून नक्कल विकली गेली, तर फसवणूक दोघांची होते. घेणाऱ्याचा पैसा जातो आणि महिनोन्महिने मागावर बसणाऱ्याचे श्रम मातीमोल होतात. त्याच्या मुलाने मागावर बसावे की बसू नये, हे शेवटी लग्नाचा बस्ता बांधणारी कुटुंबेच ठरवीत असतात.