पनवेलच्या दोन्ही बाजूंना बनलेले गेम्स

मागच्या रविवारच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले माझे दर दोन वाक्यांमागचे 'म्हणजे' काढून टाकलेत, बाकी बऱ्यापैकी तसंच ठेवलंय.

'दुर्लक्षित राहिलेले व्हिडिओ गेम्स' असा विषय निघाला की यादी साधारण ठरलेली असते. जपानचे चार, अमेरिकेचे पाच, वर पोलंड नाहीतर स्वीडनचा एखादा. चांगलेच असतात ते. पण आज मला मोजणी मी राहतो तिथून सुरू करायची आहे. पनवेलच्या एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला पुणे. कळंबोलीला एक्सप्रेसवेवर चढलात की ९४.५ किलोमीटरवर किवळे. भारतात गेम बनवायला लागल्यापासूनचा बराच इतिहास हैदराबाद-बंगळुरूत घडला हे खरं, पण त्याचा एक मोठा तुकडा या रस्त्याच्या दोन टोकांना घडलाय. आणि मधे बसलेल्या आपल्याला त्यातलं फारसं काही माहीत नाही.

सुरुवात १९९९ पासून करू. त्या वर्षी विशाल गोंडल यांनी मुंबईत 'इंडियागेम्स' सुरू केली. त्याच सुमारास नितीश मित्तरसेन यांची 'नझारा' मुंबईतच उभी राहिली. हीच नझारा मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारात आली, त्यामुळे तिचं नाव आता काकालोकांनाही माहीत आहे. २००२ साली भगतसिंगांवर एकाच दिवशी दोन हिंदी सिनेमे आले होते, आठवत असेल. त्याच वर्षी मुंबईच्या 'मिताशी'ने भगतसिंगांवर कॉम्प्युटर गेमही बाजारात आणला. बंदूक हातात घेऊन समोर चालत जायचं, तसला. मिताशी म्हणजे तीच, जिच्या टीव्हीला जोडायच्या खेळण्यावर आपल्यापैकी अर्ध्या लोकांनी काँट्रा आणि मारिओ खेळलाय. भगतसिंग गेम म्हणून फार बरा नव्हता. ऐतिहासिक वस्तू म्हणून बघण्यासारखा आहे, तेवढंच.

खरी गंमत पुढच्या टप्प्यात आहे, आणि खरं नुकसानही तिथेच झालंय. तो टप्पा म्हणजे जावा गेम्सचा.

साधारण २००३ ते २०१२. आज आपण ज्याला मोबाइल गेमिंग म्हणतो ते तेव्हा छोट्या बटणांच्या फोनवर चालायचं. नोकियाच्या सुरुवातीच्या सीरीज ४० फोनमध्ये पडदा १२८ गुणिले १२८ पिक्सेलचा, आणि एका गेमच्या जार फाइलला मर्यादा ६४ केबी. चौसष्ट! आज सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर आलेलं सुप्रभातचं फूल यापेक्षा मोठं असतं. त्या ६४ केबीत चित्रं, आवाज, नियम, सगळं. मी दिवसभर ज्या कोडवर काम करतो, त्यात नुसत्या लायब्ररीच काहीशे एमबी भरतात. तेव्हा कुणीतरी फलंदाज, गोलंदाज, अकरा क्षेत्ररक्षक, स्कोअरबोर्ड आणि टाळ्यांचा आवाज एवढ्याशा डब्यात कोंबत होतं.

शिवाय हे काम एकदा करून भागायचं नाही. प्रत्येक फोनचा पडदा वेगळा, बटणांचे कोड वेगळे, मेमरी वेगळी. त्यामुळे एकच गेम कित्येक हँडसेटसाठी पुन्हा पुन्हा बसवावा लागायचा. त्याला पोर्टिंग म्हणतात, आणि त्या काळात भारतातल्या कितीतरी जणांनी या धंद्यात पाऊल ठेवलं ते पोर्टिंग करतच. गेमच्या पहिल्या पडद्यावर त्यांची नावं नसायची. ६४ केबीत नावांना जागा कुठे?

इंडियागेम्सने या फोनसाठी क्रिकेटचे, सिनेमांवरचे असे भरपूर गेम्स काढले. ते विकले कसे जायचे, ते आता बघा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. दुकानात डबा नव्हता. प्ले स्टोअर नव्हतं. गेम विकायचा तो मोबाइल ऑपरेटर, त्याच्या पोर्टलवरून. पन्नास ते शंभर रुपयांच्या आसपास किंमत, बॅलन्समधून कापली जायची, आणि त्यातला मोठा वाटा ऑपरेटरच्या खिशात. म्हणजे बनवणारा मुंबईत, खेळणारा पनवेलच्या लाइन आळीत, आणि दोघांच्या मधला दरवाजा तिसऱ्याचा.

यातला सगळ्यात बंदिस्त दरवाजा आपल्या शेजारीच होता. २००३ मध्ये रिलायन्सचे सीडीएमए फोन घरोघरी आले, पावसाळ्यात ५०१ रुपयांत हातात फोन, ती योजना घरातल्या मोठ्यांना विचारा. त्या फोनवर 'आर वर्ल्ड' नावाचं दालन असायचं: बातम्या, राशिभविष्य, गाणी, जावा गेम्स. हा सगळा कारभार जिथून चालायचा ते धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी कोपरखैरण्याला. मी ऑफिसला पनवेल-ठाणे लोकलनेच जातो, रोज त्या पट्ट्यातून गाडी जाते. सुरुवातीच्या त्या हँडसेटना सिमकार्ड नव्हतं, नंबर फोनमध्येच बसवलेला. स्वस्तातल्यांना ब्लूटूथही नाही. गेम त्या फोनमध्ये यायचा आणि तिथेच राहायचा. पुढे २०१७ च्या अखेरीस रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाइलची व्हॉइस सेवा बंद केली. तोवर ते फोन भंगारात गेले होते, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या पोटातले गेम्सही.

बाकी कंपन्यांच्या फोनवर परिस्थिती थोडी बरी होती, पण त्यातही एक मेख होती. पैसे देऊन घेतलेल्या गेमला बहुतेक वेळा 'फॉरवर्ड लॉक' असायचं. तो दुसऱ्या फोनवर पाठवता यायचा नाही, 'पाठवा' हा पर्यायच मिळायचा नाही. उलट मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड दिलं की दुकानदार गाणी, वॉलपेपर आणि शंभरेक गेम्स भरून द्यायचा. ते सगळे कुलूप तोडलेले, म्हणजे चोरीचे. ते शाळेच्या मागच्या बाकावर ब्लूटूथने फिरायचे, तुमच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून शेजारच्या इमारतीत.

आज काय दिसतं? जे गेम चोरून फिरले ते टिकले. कुणाच्या तरी जुन्या कार्डवरून ते इंटरनेटवर चढले, आणि जे-टू-एम-ई लोडर नावाचं एक मोफत ॲप अँड्रॉइडवर टाकलं की आजही चालतात. जे गेम लोकांनी पैसे मोजून घेतले ते त्या फोनच्या बॅटरीबरोबर मेले. आता चोरून कुठले फिरले? प्रामुख्याने परदेशी. गेमलॉफ्टचे, ईएचे. त्यामुळे त्या दशकातले गेमलॉफ्टचे गेम आज शोधले की हातभर सापडतात आणि मुंबईत बनलेले शोधायला गेलं की दमछाक होते. चांगलं-वाईट हा प्रश्नच नव्हता. ज्याला प्रती काढणारे भेटले तो उरला.

सिनेमाचं उदाहरण घ्या. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, त्याचीही पूर्ण फिल्म आपल्याकडे नाही, काही रिळंच आहेत. मूकपटांच्या काळातले बहुतेक चित्रपट गेलेच. ते कळल्यावर निदान १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं. पुस्तकांसाठी तर १९५४ चा कायदा आहे, प्रकाशकाला कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईसह आणखी तीन शहरांतल्या ग्रंथालयांत प्रत द्यावी लागते. त्या कायद्यात पुस्तकं आहेत, वृत्तपत्रं आहेत, गेम नाहीत. मी कोड लिहितो म्हणून मला हे जास्त लागतं, असेल कदाचित. पण एखादी दिवाळी अंकातली कविता शंभर वर्षांनी सापडू शकते आणि पंधरा वर्षांपूर्वी लाखो फोनवर चाललेला गेम सापडत नाही, हे विचित्र आहे.

इंडियागेम्स २००७ मध्ये यूटीव्हीने घेतली, मग २०११-१२ च्या सुमारास यूटीव्हीबरोबर ती डिस्नेकडे गेली. गोंडल पुढे फिटनेसच्या धंद्यात उतरले. मालक बदलला की जुन्या कामाचं कपाट कुणी उघडत नाही, हे आयटीवाल्यांना सांगायला नको.

दरम्यान टीव्हीवर खेळायच्या गेम्सचाही एक छोटा अंक होऊन गेला. प्लेस्टेशन २ भारतात खूप उशिरापर्यंत चालला, आणि सोनीने इथल्या स्टुडिओंकडून त्याच्यासाठी गेम बनवून घेतले. हैदराबादहून २००९ मध्ये 'हनुमान: बॉय वॉरियर' आला, मग गिल्ली-दांडू, कबड्डी, पतंग असलेला 'देसी अड्डा'. मुंबईच्या ट्राइन स्टुडिओने २०१० मध्ये 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' काढला. हा माझा आवडता. गुळगुळीत नाही, धावताना माणसं घसरल्यासारखी दिसतात. पण परदेशी क्रिकेट गेम्स लॉर्ड्स आणि मेलबर्नचं गवत रंगवत बसलेले असताना याने गल्ली घेतली, आणि गल्लीतलं क्रिकेट हा वेगळा खेळ आहे हे ज्याला कळलं तोच असा गेम बनवू शकतो. तो दबला वेळेमुळे. प्लेस्टेशन ३ येऊन चार वर्षं झाली होती, २०१३ च्या जानेवारीत पीएस२ चं उत्पादनच थांबलं. शिवाय आपल्याकडचे पीएस२ बहुतेक चिप बसवलेले. फुटपाथवर कॉपी केलेली डिस्क स्वस्तात मिळत असताना मुंबईत बनलेली खरी डिस्क कोण घेणार? तरी डिस्क ही वस्तू होती, म्हणून ती कुठेतरी कपाटात आहे आणि पीसीएसएक्स२ वर चालते.

आता रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. पुणे.

नॉडिंग हेड्स गेम्स हा छोटा स्टुडिओ पुण्यात २०१७ मध्ये सुरू झाला: श्रुती घोष, अविचल सिंग, इयान मॉड. त्यांचा गेम 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक'. २०१७ च्या अखेरीस त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. पैसे जमले नाहीत, गेम मात्र थांबला नाही. १८ ऑगस्ट २०२० ला तो आधी निन्टेंडो स्विचवर आला आणि १५ ऑक्टोबरला कॉम्प्युटर, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्याच प्रयत्नातल्या स्वतंत्र गेम्सच्या नामांकनात राजी होता. पुण्यात बनलेला गेम! किती मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर पाहिलात?

गोष्ट साधी आहे. राजी ही डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी मुलगी. असुर तिच्या लहान भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. हातात दुर्गेचा त्रिशूळ. निवेदन विष्णू आणि दुर्गा करतात, आणि दोघं एकमेकांना टोमणे मारत करतात, ते मला फार आवडलं. तिची चाल बघा: ती खांबावर चढते, भिंतीवरून उलटी झेपावते, असुराच्या डोक्यावर पाय देऊन पलीकडे जाते. रस्त्यावर दोरीवर चालणारी पोर लढली तर अशीच लढेल. तिला सैनिक न करता कसरतवाली ठेवली, इथे हा गेम जिंकतो.

मधले प्रसंग छायाबाहुल्यांनी सांगितलेत. दिव्यासमोर हलणाऱ्या सपाट बाहुल्या. कोकणातल्या लोकांना कुडाळजवळचं पिंगुळी माहीत असेल, तिथला ठाकर समाज चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यानपिढ्या करतोय, २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना त्यासाठी पद्मश्री मिळाली. गेममधल्या बाहुल्या पिंगुळीच्या आहेत असं नाही. पण त्या बघताना आपल्याला जे ओळखीचं वाटतं ते टेक्सासमधल्या पोराला वाटणार नाही.

दोष आहेत. कॅमेरा दूर असल्यामुळे उडी कधीकधी चुकते, नंतरनंतर लढाया त्याच त्याच होतात, आणि चार-पाच तासांत गेम अशा ठिकाणी संपतो की तुम्ही रिमोट, सॉरी, कंट्रोलर हातात घेऊन बघत राहता. आवाज आधी फक्त इंग्रजी होते, २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आले. मराठी नाहीत. मराठ्यांना घेऊन मोठा गेम खेळायचाच असेल तर २००९ चा 'एम्पायर: टोटल वॉर' आहे, त्यात मराठा साम्राज्य घेऊन खेळता येतं, आणि तो बनवलाय इंग्लंडमध्ये.

राजी आज सहज विकत मिळतो, सवलतीत तर एका सिनेमाच्या तिकिटाएवढ्यात. त्यामुळे त्याच्याबद्दल मला फार काळजी नाही. काळजी आधीच्या दशकाची आहे, म्हणून शेवटी एक काम सांगतो.

घरात जुने फोन ज्या खोक्यात आहेत ते उघडा. २००४ ते २०१२ मधला नोकिया, सोनी एरिक्सन, सॅमसंग काहीही असेल तर गेम्सच्या फोल्डरमध्ये बघा. पहिल्या पडद्यावर इंडियागेम्स, नझारा किंवा अशी इथली नावं दिसली तर गेमचं नाव आणि फोनचं मॉडेल लिहून घ्या, पडद्याचा फोटो काढा आणि मला कळवा. ब्लूटूथने पाठवायचा प्रयत्न करा. कुलूप असेल तर जाणार नाही, मग फोन रिसेट मात्र करू नका, आणि कार्ड असेल तर ते फॉरमॅट करू नका. बॅटरी फुगली असेल तर ती न लावता बदलून घ्या. जुन्या नोकियाला मॉडेलप्रमाणे जाड किंवा बारीक पिनचा चार्जर लागतो. पनवेल स्टेशनबाहेरच्या दुकानांत विचारलंत तर अजून मिळतो.